आधी भाच्याचा डावा हात बघा

डॉक्टर, नमस्कार.

आम्ही धायरीला राहतो. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. चमचा, खडू, चेंडू, सगळं ती डाव्या हातात घेते. मधूनच उजव्या हातानेही काही करते, पण खरा जोर डाव्याचाच. सासूबाईंना हे अजिबात पटत नाही. जेवताना त्या तिचा डावा हात धरून ठेवतात. मागच्या आठवड्यात तर रुमालाने बांधला. ती रडली, ताट ढकललं, जेवलीच नाही. मिस्टर म्हणतात, लहान आहे तोवरच वळण लावावं. माझी आई म्हणते, हात बदलला की मुलं तोतरी होतात. प्लेग्रुपच्या ताईंनी सांगितलंय, जूनच्या आत एक हात पक्का करून पाठवा.

त्यात हडपसरच्या नणंदेचं बाळ सारखं समोर ठेवलं जातं. तो साडेसात महिन्यांचा आहे, आठव्या महिन्यातच झालेला, पण चौथ्या महिन्यापासून सगळं उजव्या हाताने धरतो. डावा त्याला लागतच नाही, मूठ मिटून पडलेला असतो. सासूबाई म्हणतात, "बघ, याला म्हणतात उपजत वळण." मी मुलीला कायम डाव्या कडेवर घेतलं, त्याने असं झालं का? हात बदलायचा तर आत्ताच बदलावा का?

– एक आई, धायरी

*

नमस्कार.

पत्र तुम्ही मुलीसाठी लिहिलंत आणि भाच्याचा उल्लेख जाता जाता केलात. मी मात्र सुरुवात भाच्यापासून करणार आहे. तुमच्या मुलीचं उत्तर महिनाभर थांबलं तरी काही बिघडत नाही. त्या बाळाला मात्र याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला हवं.

साडेसात महिन्यांच्या बाळाला "उजवं वळण" नसतं. जन्मल्यावर मुठी मिटलेल्या असतात, तिसऱ्या महिन्याच्या आसपास त्या सैल होतात, चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ समोरच्या वस्तूकडे हात टाकू लागतं, आणि सहाव्या-सातव्या महिन्यात खुळखुळा या हातातून त्या हातात घेतं. या सगळ्यात दोन्ही हात हवेत. एखाद्या बाजूला थोडा कल दिसतो, अभ्यासकांना तो सहाव्या महिन्यापासून मोजताही येतो. पण कल असणं ही एक गोष्ट आणि दुसरा हात वापरातच नसणं ही अगदी दुसरी. वर्षाच्या आत बाळ ठामपणे एकच हात वापरत असेल, तर आम्ही डॉक्टर वापरात असलेल्या हाताचं कौतुक करत नाही, न वापरल्या जाणाऱ्या हाताला काय झालंय ते शोधतो.

कारणं साधीही असू शकतात. बाळंतपणात खांद्यापाशी नसा ताणल्या गेल्या असतील. पण ज्याची शंका मनात ठेवावीच लागते ते कारण मेंदूतलं असतं. डाव्या हाताची हालचाल मेंदूचा उजवा भाग चालवतो. जन्माच्या आसपास त्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ जरी तुटला, तरी पहिले काही महिने बाहेरून काहीच कळत नाही. बाळ दूध पितं, हसतं, वजन वाढतं. चौथ्या-सहाव्या महिन्यात हातांना काम मिळालं की एक हात मागे राहतो, आणि घरच्यांना वाटतं की मूल लवकर उजवं झालं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला इजा होऊन हालचालींवर होणारा कायमचा परिणाम. त्याचा शरीराच्या एकाच बाजूला धरणारा प्रकार बऱ्याचदा असाच पहिल्यांदा लक्षात येतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत सेरेब्रल पाल्सीचा धोका जास्त असतो, म्हणून तुमच्या पत्रातल्या "आठव्या महिन्यातच झालेला" या शब्दांपाशी मी थांबले. वेळेआधीच्या बाळाचं वय मोजताना आम्ही तेवढे आठवडे वजा करतो, म्हणजे वाढीच्या हिशेबाने तो साडेसातचा नाहीच, त्याहून लहान आहे. इतक्या लहान बाळाने एकच हात वापरणं तर आणखीच बघण्यासारखं.

त्याला अमुक झालंय असं मी म्हणत नाही. पत्रावरून निदान कुणी करू नये. पण बघायचं काय, ते सांगते. बाळाला मांडीवर सरळ बसवा, डोकं मधोमध, आणि खेळणं बरोबर छातीसमोर धरा. मग तेच डावीकडून द्या. मग उजवा हात क्षणभर हलकेच धरून परत डावीकडून द्या. डावा हात पुढे येतो का, येताना मूठ उघडते का, अंगठा मुठीच्या आतच दाबलेला राहतो का? अजून एक गंमत: पातळ रुमाल डोळ्यांवर टाका, नाक मोकळं ठेवून. या वयाचं बाळ तो ओढून काढतं. उजवा हात धरल्यावर डाव्याने काढतं का ते बघा. झबलं घालताना डावी बाही चढवायला जड जाते का, लंगोट बदलताना डावा पाय कडक लागतो का, लाथा दोन्ही पायांनी सारख्या मारतो का, पालथा पडतो तो एकाच बाजूने का? हे सगळं मोबाइलवर शूट करून ठेवा. दवाखान्यात बाळ झोपलेलं तरी असतं नाहीतर रडत तरी, व्हिडिओचा फार उपयोग होतो.

नणंदेला हे सांगणं अवघड आहे, याची मला कल्पना आहे. घरात आधीच तुलना चालू आहे, त्यात तुम्ही त्यांच्या बाळात खोट काढताय असं वाटायचं. म्हणून हाताचा विषय फोनवर नकोच. "आठव्या महिन्यात झालाय, अशा बाळांची वाढीची तपासणी दोन वर्षांपर्यंत करत राहायची असते, एकदा दाखवून येऊ," एवढंच म्हणा. हे खरंही आहे. जन्मानंतर त्याला पेटीत ठेवलं असेल, तर त्याच हॉस्पिटलात पुढच्या तपासण्या होतात. खाजगी खर्च नको असेल तर २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी) आहेत, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि कुणी "मुलगे जरा उशिराच शिकतात, वर्षाचा होईपर्यंत वाट बघू" असं म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. वाट बघण्यासारखं यात काही नाही. मेंदू याच वयात सर्वात जास्त वळतो, आणि मागे राहिलेल्या हाताला आत्ता काम मिळालं तर तो पुष्कळ शिकतो.

त्या उपचाराचा एक प्रकार ऐकून तुम्हाला नवल वाटेल. चांगल्या हाताला रोज थोडा वेळ मऊ मोजा घालतात, म्हणजे दुसऱ्याला पुढे यावंच लागतं. म्हणजे रुमालाची जी युक्ती सासूबाईंनी तुमच्या मुलीवर केली, तिचा खरा उपयोग असलाच तर भाच्याला. अर्थात फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (हातांची रोजची कामं शिकवणाऱ्या तज्ज्ञांच्या) देखरेखीखाली, खेळता खेळता, वेळ ठरवून. मनाने घरी करू नका.

आता तुमची मुलगी.

ती डावखुरी होत्येय असं दिसतंय, आणि तुमच्या पत्रात मला काळजीचं काही सापडलं नाही. दोन्ही हात चालतात, एकाचा जोर जास्त आहे, दुसरा अधूनमधून पुढे येतो. अडीच वर्षांचं मूल असंच असतं. बहुतेक मुलांचा हात दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान स्पष्ट दिसायला लागतो आणि पक्का व्हायला चार ते सहा वर्षं लागतात. मधल्या काळात तो डगमगतो. अमेरिकेतल्या आर्नोल्ड गेसेल आणि लुईस एम्स यांनी लहान मुलांची वर्षानुवर्षं चित्रफीत घेऊन १९४७ मध्ये हेच दाखवलं: एकच मूल काही महिने उजवं, मग डावं, मग दोन्ही हातांचं, मग पुन्हा उजवं, असे हेलकावे खातं. आज चमचा उजव्या हातात दिसला म्हणून आनंद करू नका आणि उद्या डाव्यात दिसला म्हणून सुतक पाळू नका. लहान मुलं बरेचदा वस्तू ज्या बाजूला असेल त्या बाजूच्याच हाताने उचलतात, कारण हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे नेण्याची सवय तीन-चार वर्षांपर्यंत पक्की होत नाही. म्हणून तिचा हात बघायचा असेल तर वस्तू मधोमध ठेवा आणि जरा कौशल्याचं काम द्या: बरणीचं झाकण फिरवणं, दोऱ्यात मोठे मणी ओवणं, मटार सोलणं. एक हात धरून ठेवेल, दुसरा काम करेल. काम करणारा तो तिचा हात.

कडेचं म्हणता, तर तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही, म्हणून दोन ओळी. डाव्या कडेवरच्या बाळाचा उजवा हात आईच्या पाठीमागे अडकतो आणि डावा पुढे मोकळा राहतो, हे खरं. पण आपल्याकडच्या बहुतेक आया उजव्या हाताने कामं करायची म्हणून बाळाला डाव्याच कडेवर घेतात. कडेने हात ठरत असता तर निम्मं पुणं डावखुरं निघालं असतं. प्रत्यक्षात जगभर साधारण दहात एक माणूस डावखुरा असतो, मुलांत मुलींपेक्षा किंचित जास्त.

हाताची सुरुवात तर कडेवर येण्याच्या खूप आधी होते. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी पंधराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भ कोणत्या हाताचा अंगठा चोखतोय ते बघून ठेवलं होतं. तीच मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर परत तपासली. निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. पोटात उजवा अंगठा चोखणारी ६० मुलं होती, ती सगळी उजवी निघाली. डावा चोखणारी १५ होती, त्यांतली १० डावखुरी झाली आणि ५ उजवी. डाव्यांचं चित्र उजव्यांइतकं ठाम नाही, हे मला त्यातलं सगळ्यात मजेशीर वाटतं. अनुवंशाचंही तसंच. आईवडील दोघं उजवे असले तरी साधारण दहात एक मूल डावखुरं होतं. एक डावखुरा असेल तर पाचात एक. दोघं असले तर चारात एक. म्हणजे दोघं डावखुरे असूनही चारांतली तीन मुलं उजवीच. एकसारख्या जुळ्यांतही एक डावा आणि एक उजवा अशा जोड्या काही दुर्मीळ नाहीत. तेव्हा "आमच्या सात पिढ्यांत कुणी डावरं नाही, हे तुमच्याकडून आलं" हा वाद तुमच्या घरात निघाला असेल, किंवा निघायचा असेल, तर त्यात पडू नका. डावखुरेपणा ना कुठल्या एका घराण्यातून येतो, ना कुणाच्या चुकीतून.

तोतरेपणाबद्दल आईंना जी भीती वाटते तीही जुनी आहे. १९२० ते ३० च्या काळात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ऑर्टन आणि ट्रॅव्हिस यांनी तसा सिद्धांतच मांडला होता: हात बदलला की मेंदूच्या दोन बाजूंत ओढाताण होते आणि बोलणं अडखळतं. पुढच्या संशोधनात तो टिकला नाही. गैरसमज टिकला, त्याचं कारण मला वाटतं वय. दोन ते पाच या वर्षांत बोलता बोलता अडखळणारी मुलं खूप असतात, त्यांतली बरीचशी आपोआप सुटतात, आणि घरात हातावरून रागावणंही नेमकं याच वयात चालू असतं. दोन्ही एकदम दिसलं की नातं जोडलं जातं. म्हणून सासूबाईंना तोतरेपणाची भीती घालून रुमाल सोडवायला लावू नका. खोट्या भीतीने जिंकलेला वाद नंतर अंगाशी येतो.

रुमाल सोडायचं कारण तुमच्या पत्रातच आहे: ती जेवली नाही. जेवणाच्या ताटावर रोज भांडण झालं तर मूल उजवं होणार नाही, ते जेवणाला कंटाळेल. धाकाने हात बदललेले लोक मी पुष्कळ बघितलेत. लिहायला उजवा हात वापरतात, पण खिळा ठोकायला, भाकरी उलटायला, दाराची कडी काढायला डावा पुढे येतोच. मेंदूतला जोर काही बदलत नाही, फक्त एक काम कष्टाने दुसऱ्या हाताकडे जातं. ते कष्ट अडीच वर्षांच्या मुलीला का द्यायचे?

तरी सासूबाईंना मी पूर्ण चूक ठरवणार नाही. उजव्या हाताने जेवायचं आणि डाव्याने धुवायचं, या नियमामागे स्वच्छतेचा विचार होता, आणि त्या काळात तो शहाणपणाचाच होता. आज नळ आहे, साबण आहे, दोन्ही हात धुता येतात. शिवाय आपल्याकडचे कितीतरी डावखुरे लोक जेवतात उजव्याच हाताने, इतर सगळं डाव्याने करतात. सगळे पंगतीत कसे जेवतात ते बघून मूल आपणहून तसं करायला लागलं, तर तेही चालेल. बळजबरी तेवढी नको. हात प्रत्येक कामाला वेगळा असू शकतो. सचिन तेंडुलकर बॅट उजव्याने धरायचा, सही मात्र डाव्या हाताने करतो. सांगलीची स्मृती मानधना उलट: मुळात उजवी, फलंदाजी डावखुरी. मिस्टरांना हे सांगा. सासूबाईंसाठी तोडगा सोपा आहे: प्रसाद घेताना मुलीला दोन्ही हातांची ओंजळ करायला शिकवा. देवापुढे कुठला हात आला हा प्रश्नच उरत नाही. आणि अगदीच अडलं तर हळूच आठवण करून द्या, की घरोघरी आपण आणतो तो गणपती बहुतेक डाव्याच सोंडेचा असतो. (हे मी एका आजींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. तुमच्या सासूबाई हसतील याची खात्री मी देत नाही.)

मुलीला डॉक्टरांना कधी दाखवायचं? उजवा हात ती अजिबात वापरेनाशी झाली तर. ज्या हाताने छान करत होती तो अचानक टाकून दुसरा वापरायला लागली तर. हे कुठल्याही वयात झालं तरी त्याच दिवशी. पाच-सहा वर्षांची होऊनही कुठलाच हात ठरला नाही आणि शर्टाची बटणं, चमचा, पेन्सिल सगळ्यांतच धांदल होत असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला भेटा. दोन्ही हात चालतात एवढ्यावरून मूल हुशार ठरत नाही आणि बिघडलेलंही ठरत नाही.

प्लेग्रुपच्या ताईंना सांगा, जूनची मुदत काढून टाका. अडीच वर्षांच्या मुलाला लिहायचंच नसतं, मग लिहायचा हात कशाला ठरवायचा? हातात पेन्सिल देण्याआधी पाट्या-खडू, कणकेचा गोळा, कागद फाडणं, तिखटमिठाच्या डब्यांची झाकणं, हेच काम. खडू द्यायचा तर तो मधोमध ठेवून द्या, आपण तिच्या हातात कोंबू नये. समोर बसून आपण उजव्या हाताने वस्तू पुढे केली की ती मुलाच्या डाव्या बाजूला जाते, हे बहुतेक मोठ्यांच्या लक्षातच येत नाही.

पुढे चार-साडेचार वर्षांची झाली आणि हात डावाच राहिला, तर शाळेत मात्र तीन गोष्टी आवर्जून सांगा. बाकावर तिला डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजारच्याच्या उजव्या कोपराशी तिचा कोपर भिडणार नाही. लिहिताना वही तिच्या मधोमध न ठेवता जरा डावीकडे ठेवा आणि वहीचा वरचा डावा कोपरा वर जाईल अशी तिरकी करा, पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटिमीटर वर धरायला शिकवा. नाहीतर लिहिलेलं तिला दिसतच नाही, हात अक्षरांवरून घासत जातो आणि मुलं मनगट वाकडं करून लिहायला लागतात. देवनागरीत डावीकडून उजवीकडे शिरोरेषा मारताना उजव्या हाताला पेन्सिल ओढायची असते, डाव्याला ती ढकलावी लागते, त्यामुळे सुरुवातीला रेघ अडखळते. घाई करू नका. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढली तरी सहा वर्षांपर्यंत दुर्लक्ष करा, उजव्या हाताची मुलंही तशी काढतात. आणि कात्री डावखुऱ्यांची घ्या. साध्या कात्रीचं वरचं पातं तिच्या नजरेच्या आड येतं, कापायची रेघ दिसत नाही, आणि मग मूल वेंधळं आहे असा शेरा प्रगतिपुस्तकात येतो. ती दुकानात सहज मिळाली नाही, तर ऑनलाइन मागवा.